चौकशीसाहेब

ज्या माणसाचा सगळा जन्म प्रश्नांत गेला, त्यानं मला एक प्रश्न कधीच विचारला नाही. शिक्षण किती? मी उत्तर तयार ठेवलं होतं. आठवी झाली, नववीत वडील वारले, म्हणून शाळा सुटली. वडील वारले हे खरं होतं, पण शाळा मी त्याच्या आधीच सोडली होती. फळ्याजवळ उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा माझ्या घशात अडकायचं, आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघत राहायचा. ते बघणं नको म्हणून सोडली. हे मी कुणालाच सांगत नसे. साहेबांनी विचारलंच नाही, म्हणून त्यांना तरी खोटं सांगावं लागलं नाही. त्या उपकारापासूनच सुरुवात करते.

अंबाजोगाईत त्यांना सगळे चौकशीसाहेब म्हणायचे. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सबंध नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं शेताकडं बघतात, नातवंडं फिरवतात. साहेबांनी छोट्या दुकानांच्या वेबसाइट आखून द्यायचा धंदा काढला. स्वतःला कॉम्प्युटर येत नव्हता. माऊस सरकवण्याऐवजी उचलून हव्या त्या जागी ठेवायचे आणि बाण तिथं आला नाही की माझ्याकडं रागानं बघायचे. पण वेबसाइट म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वेबसाइट म्हणजे चौकशीची खिडकी. माणूस घाईत येतो, घाबरलेला असतो, हातात पिशवी असते, त्याला एकच गोष्ट पाहिजे असते. ती सांगा आणि त्याला मोकळं करा.

त्यांच्या दुकानालाही त्यांनी काच बसवून घेतली होती, मधे अर्धगोल भोक पाडून. शेजारी दार सताड उघडं असायचं. तरी येणाऱ्यानं आत यायचं नाही, बाहेर उभं राहून भोकातून बोलायचं. एकदा एका कापड दुकानदारानं सरळ आत येऊन खुर्ची ओढली, तर साहेब उठून बाहेर गेले आणि भोकातून त्याच्याशी बोलू लागले. आतल्या खुर्चीत गिऱ्हाईक, बाहेर उन्हात साहेब. पाऊण तास.

माझं गाव देवगडच्या अलीकडं. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. काम सरकेल तसं बिऱ्हाड सरकतं, तशी मी समुद्र सोडून या काळ्या रानात आले. आधी एका औषधाच्या दुकानात कामाला होते. एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत दुसऱ्याची गोळी गेली, लगेच लक्षात आलं, लगेच परत घेतली, मालकाला तसं सांगितलं, तरी दुपारच्या जेवणाआधी मला घरी पाठवलं. चूक सांगितली की काम जातं, हे मी तिथं शिकले. त्यानंतर महिनाभर मी दारातून बाहेर पडत नव्हते. मग एक दिवस भाजी आणायला गेले तेव्हा ती काच दिसली आणि काचेवर चिकटवलेला कागद : "बाई पाहिजे. ऐकलेलं तसंच लिहिता आलं पाहिजे. सुधारून लिहिणारांनी येऊ नये."

मला काहीच सुधारता येत नव्हतं. मी भोकाशी गेले.

"कुठल्या?" आतून आवाज आला. तो आवाज मी कशी विसरेन. अख्ख्या स्टँडवर पोचायची सवय असलेला आवाज, चार फुटांवरच्या माणसासाठीही तेवढाच.

"देवगड," मी म्हणाले.

"लांबची गाडी हाय," म्हणाले. "उद्या नऊला या."

त्या दिवसापासून मी देवगड. ते माणसांना नावानं हाक मारतच नसत, गावानं मारायचे. भाजीवाला सिरसाळा, चहावाला लिंबागणेश. चहावाल्याची बायको एकदा म्हणाली, माझं माहेर धारूर हाय, मी लिंबागणेश कशी? साहेबांनी तिची माफी मागितली आणि तेव्हापासून नवऱ्याला लिंबागणेश, बायकोला धारूर.

काम असं असायचं. कुणी वेबसाइट मागायला आला की साहेब त्याला होही म्हणत नसत आणि नाहीही. मला त्याच्या दुकानात एक दिवस बसवायचे. हातात वही. गिऱ्हाईक जे विचारेल ते विचारेल तसं उतरवायचं. बाकी काही नाही. माझ्या आधी एक पदवी झालेला मुलगा होता, त्यानं वहीत लिहिलं होतं, "ग्राहकाने सेवेच्या कालावधीबाबत विचारणा केली." साहेब ते पान मला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, असं कोण बोलतं वो? कुणाचा बाप असं बोलतो?

माझा पहिला दिवस पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडं गेला. मी भीतभीत लिहीत होते. "मोटार आज मिळंल का." "भिजलीय, जळली तर न्हाई ना." "तुमी रानात येता का आमीच आणू." आणि दर चार माणसांमागं एक : "मालक कुठं गेला बे?" संध्याकाळी वही दिली तेव्हा वाटलं, हे वाचून आता मला घालवणार. साहेबांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली, आणि शेवटी उठून उभे राहिले. सापडलं, म्हणाले. या माणसाला मोटारीचे फोटो नको न् जुना अनुभव नको. याच्या पानावर पहिली ओळ पाहिजे, मालक सकाळी नऊ ते एक दुकानात असतात, दुपारी घरी जेवतात.

मालक भडकला. माझ्या जेवणाची जाहिरात कावून, म्हणाला. पण पान लागलं, गुगलच्या नकाशावर दुकानाची वेळ चढली, आणि आठच दिवसांत मालक स्वतः भोकाशी येऊन उभा राहिला. लोक आता वेळेवरच येतेत, दुपारी कुणी येत न्हाई, कित्येक वर्षांत पहिल्यांदा भाकर गरम खाल्ली. त्या दिवशी मी घरी जाताना चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. मी लिहिलेल्या ओळीनं कुणाची भाकर गरम झाली होती.

साहेबांचं सगळ्यात मोठं वैर 'स्वागत' या शब्दाशी. बीडहून एका कंपनीची पोरं यायची, लॅपटॉपवर सरकणारे फोटो दाखवायची, वर सोनेरी अक्षरांत 'आमच्या संकेतस्थळावर आपले हार्दिक स्वागत आहे'. साड्यांच्या दुकानदाराला ते फार आवडलं. साहेब त्याला म्हणाले, कडेवर पोर घेतलेली बाई मला लातूरची गाडी विचारतीय, आणि मी म्हणतोय तुमचं हार्दिक स्वागत. तिची गाडी गेली की वो.

फोटोचंही तसंच. दुकानाचा दर्शनी फोटो त्यांना नको असायचा. ते म्हणत, माणूस जिथं चुकतो त्या वळणाचा फोटो काढा. आम्ही दोघं उन्हात वळणं हुडकत फिरायचो. पिंपळाशेजारचा बंद पडलेला हातपंप, त्याच्या उजवीकडचा बोळ. पानावर तो हातपंप लागला की लोक चुकायचे थांबायचे. साहेब कागदावर पान आखायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवत असे, तेवढं मी तिथंच शिकले. पानावर काही बदलायचं असेल तर मात्र त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचं, काय होतं, का बदलतोय, आता काय झालं. त्यांनी मान हलवली की बदलायचं. माझ्यासाठी ते शाळेतल्या फळ्याइतकंच अवघड होतं, पण तिथं बघणारं एकच माणूस होतं, म्हणून निभावलं.

पान तयार झालं की परीक्षा. साहेब माझा मोबाइल घेऊन स्टँडवर जायचे, गाडीची वाट बघणारा एखादा म्हातारा निवडायचे, त्याच्या हातात फोन द्यायचे आणि म्हणायचे, बाबा, हे दुकान आज उघडं हाय का बघून सांगा. आणि स्वतः बोटं मोडत उभे. दहा बोटं मोडून व्हायच्या आत उत्तर सापडलं तर पान पास, नाहीतर परत वहीपासून. एकदा एक म्हातारा फोन हातात घेईना. ओटीपी मागता का काय, म्हणाला. साहेब एवढे दुखावले की त्याला त्याच्या गाडीपर्यंत पोचवायला गेले आणि वाटेत तीनदा सांगितलं, मी चौकशीतला हाय, फसवणारा न्हाई.

या परीक्षेत एक गोष्ट मात्र ते कधीच करत नसत, कुणाला करूही देत नसत. 'फोन करा'चं बटण दाबायचं नाही. मालकाला उगं त्रास कावून? आणि त्यांना स्वतःला बटणाची गरज नव्हती. सगळ्या मालकांचे नंबर पाठ. डोळे मिटून आकडे दाबायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

आता मावशींचं पान.

सरकारी दवाखान्यामागं विहाराच्या गल्लीत मावशींचं घर होतं. दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घरावर मजला चढवून सहा खोल्या काढल्या, पेशंटच्या नातेवाइकांसाठी. दोन खाली, चार वर. गावोगावची माणसं दवाखान्याच्या आवारात सतरंजीवर झोपायची आणि मावशींच्या खोल्या रिकाम्या राहायच्या, कारण कुणाला माहीतच नव्हत्या. मी तिथं एकाऐवजी दोन दिवस बसले. वही भरून गेली. "पायऱ्या किती हायत." "पाणी तापवून मिळंल का." "गॅस लावू देता का, पेशंटला पेज करायचीय." "रातच्याला दवाखान्यातून बोलावलं तर दार उघडतं का." तो शेवटचा प्रश्न एका बाईनं विचारला तेव्हा मावशींनी दाराची कडी दाखवली, गंजून एका जागी बसलेली. कितीतरी वर्षांत लावलीच नव्हती.

साहेबांनी ती वही वाचली आणि चहा न पिताच बसले. देवगड, म्हणाले, ही माझी खिडकी हाय. अगदी हीच माणसं. पानाच्या वरच्या बाजूला त्यांनी एक ओळ आखली, स्टँडवरच्या फळ्यासारखी : 'आज मोकळ्या खोल्या'. पुढं आकडा. तेवढा आकडा मी वाचून न दाखवता बदलायचा होता, मावशींना विचारून दिवसातून तीनदा. खाली गॅस, पाणी, पायऱ्या, दार. आणि सगळ्यात खाली मोठं हिरवं बटण.

बटण चालतं का हे बघायला मी त्याच्यामागं माझा नंबर घातला होता. दाबलं, माझा फोन वाजला, झालं. मग बटणावर दिसणारा नंबर बदलून मावशींचा केला. मागचा, खरा वाजणारा, तसाच राहिला.

पान लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी भाजी चिरत होते. अनोळखी नंबर.

"खोली हाय का वो?" बाईचा आवाज, मागं गाडीचा हॉर्न. "आमी लिंबागणेशहून निघालाव. पोरगी बाळंत झालीय, लेकरू काचेच्या पेटीत ठेवलंय. सासूला पायऱ्या चढत न्हाईत."

माझ्या तोंडातून आपोआप आलं. खालची खोली मोकळी आहे. मागच्या पडवीत गॅस लावता येतो. गरम पाणी सकाळी आठपर्यंत. दवाखान्याच्या मागच्या फाटकातून बाहेर पडा, डाव्या हाताला हातगाड्यांची रांग संपते तिथं वळा. दार कधीच बंद नसतं. ती बाई म्हणाली, बरं झालं माय, आणि ठेवला.

मी विळीवरून उठले. मी हसत होते. कुणीतरी मला प्रश्न विचारले होते, एकामागून एक, आणि मला सगळे आले होते.

चूक काय झाली ते कळायला दोन मिनिटं लागली. दुरुस्त करायला एवढा वेळही लागला नसता. पण दुरुस्त करायचं म्हणजे साहेबांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचं, काय होतं, का बदलतोय. औषधाच्या दुकानातली ती दुपार मला आठवली. उद्या सांगू म्हटलं. उद्या चार फोन आले. सिरसाळ्याचा एक म्हातारा, बायकोचं ऑपरेशन. परळीचा एक मुलगा, त्याला फक्त रडायचं होतं, खोली नंतर विचारली. मी वहीतलं सगळं सांगत होते, कुणाला काळजी करू नका म्हणत होते, आणि दरवेळी फोन ठेवताना छाती धडधडायची, भीतीनं का आनंदानं ते मला आजही सांगता येणार नाही.

लोक यायचे, मावशी खोली द्यायच्या. कुणी विचारायचं नाही की फोन कुणी उचलला होता.

आठव्या दिवशी मावशी भोकाशी येऊन उभ्या राहिल्या. खोल्या भरलेल्या होत्या, पण त्या खूश नव्हत्या. फोन एक बी न्हाई आला, म्हणाल्या. दवाखान्याला गर्दी वाढलीय म्हणून माणसं येतेत, तुमच्या पानाचा त्यात काय गुण? साहेबांना खोटं वाटलं. त्यांनी डोळे मिटून मावशींचा नंबर दाबला. मावशींच्या पिशवीत फोन खणखणीत वाजला. फोनमधे काहीच बिघाड नव्हता. म्हणजे पान बघून कुणी फोनच करत नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. ते पुढचे दोन दिवस जवळजवळ बोललेच नाहीत, आणि बोलले ते हळू. चहावाल्या लिंबागणेशनं मला विचारलं, साहेबांची तब्येत बरी न्हाई का? गुरुवारी मी ठरवून गेले, आज सांगायचंच. सकाळभर वाक्य जुळवत होते. पण साहेबच आधी बोलले.

"देवगड, बसा. मी गावभर सांगत सुटलोय, लोक विचारतेत तेवढंच लिहा, म्हंजे लोक येतेत. मावशीच्या पानाइतकं चांगलं पान मी केलं न्हाई. त्यावरून एक माणूस आला न्हाई. म्हंजे मी चुकीची गाडी सांगत होतो." काचेकडं बघत राहिले. "चुकीची गाडी सांगणारानं खिडकीत बसू नये. उद्या मावशीकडं बसू, एकेकाला विचारू. कुणीच पान बघून आलं नसंल, तर शनिवारी ही काच काढायची."

मी तोंड उघडलं. शाळेत व्हायचं तसंच झालं.

रात्रभर मी हिशेब करत राहिले. मी गप्प राहिले तर माझी चूक झाकली जाणार होती, आणि त्यांची काच निघणार होती. बोलले तर माझं काम जाणार होतं. यापेक्षा सोपं गणित मला शाळेतही कुणी घातलं नव्हतं, तरी सुटत नव्हतं.

शुक्रवारी मावशींच्या ओट्यावर बाकडं टाकलं. साहेब मधे, मी शेजारी, मांडीवर वही. मावशी दारात उभ्या, पदर खोचून, हे काय नाटक अशा चेहऱ्यानं. पहिला उतरला तो सिरसाळ्याचा म्हातारा, हातात पेजेचा डबा.

साहेबांनी विचारलं, "बाबा, खोलीची चौकशी कुठं केलती?"

"फोनवर केली की," म्हातारा म्हणाला. "नातवानं मोबाइलवर हुडकून हिरवं बटण दाबून दिलं."

"माझ्या फोनवर?" मावशी पुढं आल्या. "कवा? मला तर कुणी विचारलं न्हाई."

"तुमी नव्हत्या. दुसरी बाई हाय एक. लई नीट सांगती. तिनंच सांगितलं, मागच्या फाटकानं या, लांब पडत न्हाई. कोकणातली असावी, बोलण्यावरून."

साहेब समोरच बघत होते. मग म्हणाले, "लिहा."

सांगितलेलं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, हे माझं काम होतं. त्या एकाच कामासाठी मला घेतलं होतं. मी लिहिलं. दुसरी बाई हाय एक. लई नीट सांगती. कोकणातली असावी. पेन टोचून कागद फाटला, तरी पुरं लिहिलं. मग वही त्यांच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "साहेब, ती बाई मी आहे."

आणि सगळं सांगितलं. बटण, मागचा नंबर, लिंबागणेशची पहिली बाई, दहा दिवस गप्प बसणं. उभं राहून, मोठ्यानं. म्हातारा डबा धरून ऐकत उभा होता, वरच्या कठड्यावरून दोन बायका ऐकत होत्या. माझा आवाज शेवटपर्यंत टिकला, कसा ते मला माहीत नाही.

साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, पान उघडलं, आणि बोट हिरव्या बटणावर धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा दाबलं. माझ्या पिशवीत फोन वाजू लागला.

"उचला," ते म्हणाले.

मी उचलला. एका बाकड्यावर बसून दोघांच्या कानाला फोन.

"खोली हाय का?"

"आहे. आज एकच. वरची."

"पेशंट संगं हाय. चढता येत न्हाई त्याला."

"मग वरची नको," मी म्हणाले. "खालची एक संध्याकाळी मोकळी होईल, तिथल्या माणसांच्या मुलीला दवाखान्यातून घरी सोडतायत. तोपर्यंत सामान इथं ठेवा आणि पडवीत बसा, सावली आहे."

"गॅस?"

"मागं. पण दुधाचं भांडं तुमचं आणा, इथलं बाळाच्या माणसांकडं आहे."

मावशी दारातून म्हणाल्या, "भांड्याचं तर माझ्या बी ध्यानात राहिलं नसतं."

साहेबांनी फोन कानावरून काढला नाही. फोनमधेच म्हणाले, "बाई, चूक तुमची हाय. लपवली, ती दुसरी. पण पहिली माझी. मी लोकांना दहा बोटं मोडून दाखवत फिरलो, आणि एक बोट बटणावर ठेवलं न्हाई." मग फोन ठेवला. आणि एकदम उभे राहिले, ओट्याच्या कडेला गेले, आणि तो आवाज परत आला, गल्लीच्या टोकापर्यंत. "आले की वो. पान बघून आले. सगळे पान बघून आले." सिरसाळ्याच्या म्हाताऱ्याला वाटलं आपल्याला काहीतरी बक्षीस लागलं. तोही हसायला लागला. मावशी म्हणाल्या, दवाखाना हाय शेजारी, हळू बोला, आणि त्या पण हसत होत्या.

मला वाटलं आता लगेच नंबर बदलायला लावतील. नाही म्हणाले. आज राहू द्या. बाकड्यावर पुन्हा बसले आणि पाय वर घेतले. मला ऐकायचंय, म्हणाले.

संध्याकाळपर्यंत पाच फोन आले. पाचही मी घेतले, आणि पाचही वेळा साहेब शेजारी बसून, मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत राहिले. पाचवा ठेवला तेव्हा खालच्या खोलीतल्यांची मुलगी घरी निघाली होती, मावशी त्यांच्या सामानाची मोजदाद करत होत्या.

"एकच सांगतो," साहेब म्हणाले. या वेळी अगदी हळू, माझ्यापुरतं. "तिसऱ्या फोनला तुमी म्हणलात, काळजी करू नका. ते म्हणायचं न्हाई. त्याचा पेशंट कसा हाय ते आपल्याला ठाऊक न्हाई. खोली हाय, पाणी हाय, दार उघडं हाय. आपल्या हातात तेवढंच हाय, तेवढंच सांगायचं."

मी हो म्हणाले. मग अंगातला सगळा धीर गोळा करून विचारलं, उद्या मी येऊ का?

त्यांना प्रश्न कळलाच नाही. चप्पल शोधत होते. "नऊला या की," म्हणाले. "नंबर बदलायचाय."

"मीच?"

"मग काय. तुमची चूक हाय, दुसऱ्याला कशी सापडंल?"